दैत्याच्या मागचा माणूस

आमच्या पाड्यावर बॉक्सिंग कुणी खेळत नाही आणि कुणी बघतही नाही. तरी एका चैत्रात माझा बा आणि माझा मामा एका बॉक्सरवरून इतके भांडले की एकमेकांच्या अंगणात पाय ठेवीनासे झाले. तो बॉक्सर कुठल्या देशाचा, त्याचं नाव काय, तो याआधी किती जिंकला, यातलं दोघांनाही काही ठाऊक नव्हतं. भांडायला तेवढं माहीत असावं लागत नाही, हे मला त्या वर्षी कळलं.

ती लढत माझ्या चुलतभावानं आणली. तो भिवंडीला गोदामात कामाला असतो आणि बोहाड्याला घरी येतो. आमचा पाडा सूर्यमाळच्या अंगाला, डोंगरात. मी जव्हारला ऑफिसात नोकरी करते. घरी जायचं तर मोखाड्यावरून खोडाळ्यापर्यंत एसटी, पुढे जीप आणि शेवटी आपले पाय. नेटवर्क टेकडीवरच्या आंब्यापाशी येतं, तेही त्याच्या मनात असेल तर. म्हणून चुलतभावानं ती अख्खी लढत फोनमध्ये भरूनच आणली होती. पेढे आणावेत तशी.

बोहाडा म्हणजे आमच्याकडचा देवीचा उत्सव. लाकडाचे, कागदाच्या लगद्याचे मोठाले मुखवटे चढवून माणसं देव होतात, दैत्य होतात आणि संबळाच्या तालावर रस्त्यानं नाचत येतात. एकेक सोंग एकेका घराचं असतं. आमच्या घराकडे दैत्य आहे. शेवटच्या सकाळी, सूर्य डोंगराच्या वर आला की देवी आणि दैत्य समोरासमोर येतात. बराच वेळ झुंज चालते, मग देवी खड्ग उगारते आणि दैत्य पडतो. बा तरुण होता तेव्हापासून दर वर्षी पडत आला होता. हे मी एकदा ऑफिसात मोठ्या तोऱ्यात सांगितलं, तर शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "म्हणजे तुमचे वडील नेहमी हरतातच का हो?" मला इतका राग आला की पुढे बरेच दिवस मी त्यांना चहाला विचारलं नाही.

त्या बाईंना काय सांगणार? आमच्याकडे दैत्य पडला की कुणी हसत नाही. देवीचा घाव त्यानं अंगावर घेतलेला असतो. संबळ थांबतो आणि लोक येऊन त्या पडलेल्या दैत्याच्या पाया पडतात. बाया तान्ही पोरं त्याच्या छातीशी टेकवून उचलून घेतात. बा मुखवट्याच्या आत धापा टाकत पडलेला असतो आणि त्याच्या अंगावरून अख्ख्या पाड्याची पोरं एकेक करून जातात. लहानपणी मला वाटायचं, जगात सगळीकडे हरलेल्या माणसाचं असंच करत असतील.

दैत्य एकटा कधीच नाचत नाही. मुखवटा जड असतो, त्याच्या डोळ्यांची भोकं लहान आणि भलत्याच जागी असतात. शिवाय वारं अंगात आलं की माणूस कुठे जाईल त्याचा नेम नाही. म्हणून दैत्याच्या कमरेला एक लांब शेला गुंडाळतात आणि त्याचं टोक हाताला वळसे देऊन एक माणूस मागून धरतो. त्याला आम्ही नुसतं 'मागचा' म्हणतो. मागच्यानं डावीकडे ओढलं की दैत्य डावीकडे वळतो, ताणून धरलं की थांबतो. लोकांना दिसतो तो दैत्य. मागच्याकडे बघायला कुणाला वेळ नसतो. बाचा मागचा म्हणजे माझा मामा, आईचा भाऊ, पलीकडच्या उतारावरच्या पाड्यावरचा. बाचं लग्न व्हायच्या आधीपासून तो शेला धरत आला होता. आई म्हणायची, ह्या दोघांचं आधी जमलं, माझं नंतर.

आणि त्या वर्षी मामानं आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "आवंदा दाजीला सोंग देऊ नको. गेल्या साली मना लय जड लागला तो. एखाद दिवस मुखवट्यातच राहील."

आईनं ते बाला सांगितलं. सांगायला नको होतं. बाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सोंग सोडायचं तर चुलतभावाला द्यायचं, हे ठरलेलंच होतं, पण कधी, हे ठरवणारा मामा कोण? बोहाडा तोंडावर आलेला, बा नाचणार की नाही ते कुणालाच कळेना, आणि बाला सरळ विचारायची हिंमत माझ्यातही नव्हती. सगळ्या घराचा जीव त्या एका प्रश्नात अडकला होता. अशात तो बॉक्सर आला.

चैत्रातल्या दुपारी आमच्याकडे काळ पातळ होतो. विहीर तळाला गेलेली असते. पहाटे टँकरमागे पळून पाणी भरलेलं, भाकरी खाल्लेली, मग ऊन उतरेपर्यंत करण्यासारखं काही नसतं. मोहाची फुलं गळत असतात. एक पडतं, मग बराच वेळ काही नाही, मग आणखी एक. त्यांच्या गोड वासानं डोकं जड होतं. बा बाजेवर, मामा भिंतीला टेकून, चुलतभाऊ मध्ये फोन धरून, मी उंबऱ्यावर डोक्याखाली हात घेऊन आडवी. झोप आणि जाग यांच्यामधून ती लढत मी कितीदा पाहिली, सांगता येत नाही. अजूनही डोळे मिटले तर ती दिसते. निळ्या चड्डीतला, कानांवर केस पांढरे झालेला एक थोराड माणूस आणि त्याच्याभोवती फिरणारा, चकाकणाऱ्या अंगाचा एक तरणा पोरगा. आवाज बारीक ठेवलेला. तिथले हजारो लोक ओरडत असायचे आणि आमच्या अंगणात ते माशीएवढं ऐकू यायचं.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा शेवटी पंचांनी पोराचा हात वर केला. लोकांनी पोराला खांद्यावर घेतलं. तो म्हातारा एकटाच दोराला धरून उभा होता. बा बाजेवर उठून बसला.

"आता पाया पडतील ना?"

"कुणाच्या?" चुलतभावानं विचारलं.

"त्याच्या, जो मार खाऊन उभा हाय त्याच्या."

"काका, हारनेवाले के कोण पाया पडतो?"

बा तरी वाट बघत राहिला. चित्र काळं झालं तेव्हा त्यानं फोन हलवून पाहिला, पुढचं आत कुठे अडकलंय का म्हणून. मला हसू आलं.

मग वाद सुरू झाला.

"पोटऱ्या बघितल्यास त्याच्या?" मामा म्हणाला. "थरथरतात. संपलेला हाय तो. पोरानं काय मोठा पराक्रम केला? संपलेल्याला हरवला."

"संपला कसा? शेवटपर उभा हाय ना?"

"उभा हाय, पण येळ त्याची गेली. यायलाच नको होता."

"येळ गेली का नाय ते त्याला ठाव."

"त्यालाच ठाव नसते दाजी, हीच तर गोष्ट हाय."

चुलतभावानं दोन्हीकडे बघून म्हटलं, "टाइम निकल गया उसका, काका. पहिले व्हिडिओ बघ त्याचे, तेव्हा आग होता." मला त्याला गप्प करावंसं वाटलं. सोंग ज्याला मिळणार, त्यानं अशा वेळी तोंड उघडू नये एवढी तरी अक्कल असावी.

रोज दुपारी तेच. लढत लावायची, झोपेला आलेल्या डोळ्यांनी बघायची, आणि ती संपली की म्हातारा संपला होता की नव्हता यावर बोलायचं. बाचं नाव कुणीच घेत नव्हतं. शेलाही नाही, मुखवटाही नाही. पण मामा 'त्याच्या पोटऱ्या' म्हणाला की बा आपले पाय बाजेवर आखडून घ्यायचा, आणि मी डोळे मिटलेले असूनही मला ते कळायचं.

एका दुपारी बानं मधेच फोन थांबवायला लावला. दोन फेऱ्यांच्या मध्ये तो म्हातारा कोपऱ्यात स्टुलावर बसला होता. एक टकला माणूस, खांद्यावर टॉवेल, त्याच्या तोंडाला बाटली लावत होता.

"हा कोण?"

"त्याचा कोच."

"म्हणजे मागचा," बा म्हणाला. "बघा, हा चुकला. ज्याला मार बसतोय त्याचे डोळे सुजलेत, त्याला काय दिसणार? बघायचा काम याचा. यानं आवरायला पाहिजे होता, नाय तर नीट फिरवायला पाहिजे होता. नाचणारा संपला नव्हता. मागचा चुकला."

एक फूल गळलं, मग आणखी एक.

"म्हणजे चूक मागच्याची," मामा शेवटी म्हणाला.

"मागच्याचीच."

"गेल्या साली तू मना जड लागलास ते मग काय होता? माझे हात गेले?"

बानं नाही म्हणायला हवं होतं. एवढा एकच शब्द. पण तोही हट्टाला पेटला होता. "तुझे हात, तूच बघ," तो म्हणाला आणि कुशीवर वळला.

मामानं टोपी झटकली, डोक्यावर घातली आणि उन्हातून उतार चढून निघून गेला. आई आतून म्हणाली, "दोघं पण रेडे."

आमच्याकडे शेला दैत्याच्या घरी राहत नाही. तो मागच्याच्या घरी असतो. बोहाड्याच्या सकाळी मागच्यानं तो खांद्यावर टाकून यायचं, ही रीत. शेला आला नाही तर सोंग नाही, आणि दुसऱ्या कुणाच्या हातात तो द्यायची सोय नाही. म्हणजे बानं स्वतःच्या जिभेनंच स्वतःचं सोंग घालवलं होतं. ते त्याला कळत होतं. बोहाडा सुरू झाला, लहान सोंगं नाचून गेली, आणि बा ओट्यावर बसून पलीकडच्या उताराकडे बघत राहिला. दुपारी मी पाहिलं तर तो बाजेवर झोपला होता आणि शेजारी, उशीवर डोकं ठेवल्यासारखा, मुखवटा. दोघांवर एकच चादर. मला त्याचा इतका राग आला आणि इतकी माया आली, की मी तशीच उभी राहिले. जा ना त्याच्याकडे, म्हणावंसं वाटलं. पण बा गेला नसता, मी ओळखते त्याला.

शेवटच्या सकाळी मामा आला.

खांद्यावर शेला, डोक्याला तेल, अंगात लग्नातला सदरा. अंगणात येऊन म्हणाला, "काय बघतोस? कमर दे."

बा उठला. कमर दिली. मामानं शेला गुंडाळला, गाठ मारली, टोक हाताला वळसे देऊन एकदा ओढून पाहिलं. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. मी मुखवट्याच्या दोऱ्या बांधल्या. आत बा म्हणाला, "घट्ट बांध, बाय," आणि मग तो माझा बा राहिला नाही.

काय नाचला त्या सकाळी! संबळ लागला आणि दैत्य रस्त्यावर आला तेव्हा ऊन नुकतंच धुळीवर उतरलं होतं आणि धूळ सोनेरी दिसत होती. मुखवट्याची लाल जीभ, भुवया, शिंगं वर जायची, खाली यायची. मला सगळं पाण्याखालून बघितल्यासारखं वाटत होतं. आवाज लांब गेले होते, फक्त घुंगरं जवळ होती. मी कडेकडेनं पळत होते, लहानपणी पळायचे तशी. लोक मागे सरत होते, पुढे येत होते. बाचे पाय पडत होते ते अचूक. संपला म्हणे! मला मोठ्यानं ओरडावंसं वाटत होतं, बघा रे, ह्या पोटऱ्या बघा.

देवी समोर आली. वरच्या पाड्यावरचा एक तरुण देवी झाला होता, हिरव्या लुगड्यात, हातात खड्ग. झुंज सुरू झाली. पुढे, मागे, गोल. दैत्य जोरात पुढे झेपावला की मामा मागून ताणायचा, शेला तारेसारखा व्हायचा.

आणि मला मामाचे हात दिसले. लोक देवीकडे बघत होते. मी का कोण जाणे, त्याच्याकडे बघितलं. शेल्याचा एक वळसा त्याच्या मनगटावरून सुटला होता. तो दुसऱ्या हातानं धरू पाहत होता आणि बोटं मिटतच नव्हती. जोर कमी पडत होता असंही नाही; बोटं त्याचं ऐकत नव्हती. मामाच्या तोंडावर भीती नव्हती. ओळखीच्या दारातून आत जावं आणि घर दुसऱ्याचंच निघावं, तसं तोंड झालं होतं त्याचं. शेला बोटाबोटानं सरकत होता.

मागच्याच्या हातून शेला सुटणं म्हणजे काय, ते आमच्याकडे पोरांनाही माहीत आहे. दैत्य मोकळा सुटला तर वर्ष वाईट जातं म्हणतात. ज्याच्या हातून सुटला त्याला पुन्हा कुठल्याच सोंगाला हात लावू देत नाहीत. पुढे पाऊस उशिरा आला तरी लोक त्याच्याच दाराकडे बघतात.

दैत्य थांबला. आजपर्यंत कधी केलं नव्हतं ते त्यानं केलं. तो मोठा मुखवटा किंचित मागे वळला. आतून त्याला काही दिसणं शक्य नव्हतं, पण इतकी वर्षं ज्यानं मागचा माणूस कमरेवर ओळखला, त्याला दिसायची काय गरज? देवीनं खड्ग अजून उगारलंही नव्हतं. बा गुडघ्यावर आला, मग हातांवर, मग धुळीत आडवा झाला. शेला सैल पडला. आता तो कुणाच्याच हातून सुटू शकत नव्हता.

संबळवाला अडखळला. देवी गोंधळून दोन पावलं पुढे आली आणि पडलेल्या दैत्यावर खड्ग धरलं. गर्दीत कुजबुज झाली. "बसला म्हातारा." "आधीच पडला." "दम गेला आता." रिवाजाप्रमाणे लोक पाया पडायला आले, बायांनी पोरं टेकवली, पण कुजबुज थांबली नाही. बा मुखवट्यात होता. त्याला सगळं ऐकू जात होतं.

दुपारी आमच्या ओट्यावर माणसं जमली. चहा झाला. चुलतभावाकडे सगळे नव्या डोळ्यांनी बघत होते. कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, पुढच्या साली जवान माणूस पाहिजे. बा भिंतीला टेकून बसला होता, गुडघा खरचटलेला. मामा त्याच्यापाशी बसून गुडघ्याला हळद लावत होता. त्याच्या बोटांतून हळद सारखी सांडत होती. मामाचे डोळे भरलेले होते आणि आवाजात रागाचा मागमूस नव्हता.

"मी सांगत होतो ना दाजी. त्या बॉक्सरचा पण हाच झाला. माणूस संपला का त्याला स्वतःला कळत नाय."

मी उभी राहिले. माझ्या तोंडात सगळं तयार होतं. बानं वर बघितलं, फक्त माझ्याकडे, आणि मी तशीच खाली बसले.

"हां," बा म्हणाला. "तू सांगत होतास. संपलेला होता तो."

"मागच्याची काय चूक त्यात?"

"काय पण नाय. मागचा बरोबर होता."

ओट्यावरची माणसं माना हलवू लागली. इतक्या दिवसांचा वाद मिटला, म्हणून कुणी हसलंही. बानं चुलतभावाला जवळ बोलावलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, सोंग आता तुझं. आमच्याकडे दैत्य बदलला की जुना मागचाही मानानं मोकळा होतो. नव्या दैत्यानं आपला मागचा स्वतः निवडायचा असतो. हे बाला माहीत होतं. म्हणून तर तो इतक्या सहज बोलला.

मग सगळे पांगल्यावर मी बाजेपाशी जाऊन विचारलं, "बा, तू का पडलास?"

त्यानं डोळे उघडले नाहीत. "शेला सैल लागला मना," तो म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "गेल्या साली पण लागला होता. मना वाटला, मीच जड झालो."

मी रडायला लागले. बा अजून दोन-तीन वर्षं सहज नाचला असता, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि आता सगळा पाडा त्याला आधीच पडलेला म्हणून ओळखणार होता. मला मामाचा राग येत होता, आणि त्याचा काही दोष नव्हता, म्हणून राग कुठे ठेवावा ते कळत नव्हतं. बानं नुसता माझ्या डोक्यावर हात ठेवला. बाहेर मोहाखाली कुणीतरी फुलं गोळा करत होतं.

संध्याकाळी मामा निघाला. शेला त्यानं घडी करून, नव्या मागच्यासाठी म्हणून, चुलतभावाच्या हातात दिला. मग परत ओट्यापाशी आला आणि बासमोर उभा राहिला. काहीतरी मोठं द्यायला आल्यासारखा.

"तुझ्या पुतण्यानं मनाच विचारला होता, मागचा होशील काय म्हणून," मामा म्हणाला. "मी नाय बोललो. माझे हात हायेत अजून, पण तू सोडलास तर मी कशाला? तुझ्यासाठी सोडतो मी, दाजी."

बा उठून उभा राहिला. खरचटलेल्या गुडघ्यावर भार न देता, सावकाश. त्यानं मामाचे दोन्ही हात आपल्या हातांत धरले आणि बराच वेळ धरून ठेवले.

"उपकार झाले तुझे," तो म्हणाला.